वाकळीवर बसलेल्या बाई

रत्नागिरी, ता. १७ डिसेंबर १९८४

चि. भागोजी यास काशीराम भावोजींचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. तुझ्या बहिणीच्या गुडघ्याला तेल चालू आहे, म्हैस आटली आहे, आणि संपात गिरणी सुटल्यापासून माझी तब्येत इतकी सुधारली की सदरे अंगात शिरेनात. तुझा खोकला कसा आहे? तुझ्या सदूचं लग्न वैशाखात ठरलं, वाचून फार आनंद झाला. तुझ्या लग्नातला जरीचा फेटा आमच्या ट्रंकेत आहे, तो सदूच्या डोक्यावर बांधायचा म्हणून पाठवा, असं लिहिलंस. त्याचं बघू. आधी तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या वाक्याचा समाचार घेतो.

"भावोजी वाकळ शिवतात म्हणे, मग नाक कधी टोचणार?" असं लिहिलंस ना? (हे तुळसानेच कळवलं असणार. तुझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही.) हो, शिवतो! काय म्हणणं आहे? बावीस वर्षं गिरणीत तुटलेले धागे जोडले, तेव्हा मला कोणी बाई म्हटलं नाही. तोच धागा सुईत ओवला की मिशा गळतात काय?

तर ऐक. रत्नागिरी शहरातल्या चर्चमध्ये नाताळच्या आधी दरवर्षी हातकामाचं प्रदर्शन भरतं. कोणाही जातीधर्माच्या माणसाने आपली वस्तू मांडावी. मी वाकळ नेली, नाव मात्र तुळसाचं लिहिलं. (भ्यालो. आता हस.) वाडीतली चार माणसं एस.टी.ने मुद्दाम गंमत बघायला आली. त्यात आपला शेजारी लवू, ज्याला स्वतःच्या लेंग्यात नाडी ओवता येत नाही. व्हरांड्यात दोरीवर वाकळ टांगली, वर दोरीलाच अकरा नंबरची, तुळसाच्या नावाची चिठ्ठी टाचली. लाल जरीचा काठ असा उठून दिसत होता की बायका थांबून हात लावून बघत होत्या. मी खांबाआड उभा राहून ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, ऊर भरून येत होता.

परीक्षक तीन. त्यातल्या एक विमलाबाई, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, वय पंच्याहत्तर तरी असेल. अकरा नंबरपर्यंत येता येता त्यांचे पाय भरून आले. खुर्च्या सगळ्या अडवलेल्या, त्यांच्यावर केकची ताटं. बाई चिऱ्याच्या गार जमिनीवरच टेकायला लागल्या. आता तूच सांग, आपल्याकडे पाहुणा उघड्या जमिनीवर बसतो काय? माझा हात आपोआप दोरीकडे गेला. वाकळ ओढली, चौपदरी घडी केली, अंथरली. बाई बसल्या, चहा प्याल्या, गुडघ्यांची हकिगत सुरू केली, आणि सांगता सांगता भिंतीला टेकून चक्क घोरायला लागल्या.

उरलेले दोघे आले. दोरीवर चिठ्ठी आहे, खाली काही नाही. त्यांनी वहीत "वस्तू आणली नाही" असं लिहिलं आणि पुढे गेले. लवू लांबून हातवारे करतोय, उठव, उठव म्हातारीला! तुळसा डोळे वटारतेय. मी नाही उठवलं. बसलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणायची रीत आमच्या घराण्यात नाही. बक्षीस कोणाला मिळालं, तर आइसक्रीमच्या काड्यांच्या घराला! त्या घरावर चिमणी बसली तर वासे मोडतील.

टाळ्यांनी बाई जाग्या झाल्या. बुडाखालच्या वाकळीवर हात फिरवला, टाके निरखले आणि म्हणाल्या, "अगो बाय! ही कशी राहिली? हात कोणाचा हा?" कोणीतरी चिठ्ठी वाचून तुळसाचं नाव घेतलं. लोक तिचं कौतुक करायला लागले, ती लाजायला लागली. भागोजी, मी गप्प राहिलो असतो तर निभावलं होतं. पण जिवाला लागलं रे. रात्रंदिवस बोटं मी टोचून घ्यायची आणि नाव दुसऱ्याचं? "मी शिवली," म्हटलं. अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं. लवू फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. "मग मला उठवलं का नाहीस?" म्हणाल्या. कारण सांगितलं, तर म्हातारीने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून मी पडवीत बसून शिवतो, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत. ज्याला हसायचं त्याने खुशाल बसून हसावं, बसायला वाकळ देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

नाक न टोचलेला,
काशीराम

ता. क. तो लाल जरीचा काठ म्हणजे तुझा फेटा. ट्रंकेत त्याला कसर लागली होती. (थोडीशीच लागली होती.)

आणखी एक. उसवून पाठवा म्हणशील, तर एक टाका उसवणार नाही. वैशाखात वाकळ घेऊन मीच येतो. सदूला तिच्यावर बसव. बापाचा फेटा डोक्यावर नाही तर बुडाखाली, पण मांडवात तर असेल. आणि कोणी विचारलं, ही कोणी शिवली, तर तुळसाचं नाव घेऊ नकोस. माझं घे. जरा मोठ्याने घे.