दरीची पेटी

प्रिय लुयांडो,

आज माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आलंय, हसू नकोस. घाईत लिहितेय. गोदामाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तुमच्या दरीतला फोनचा टॉवर तर वीज पडल्यापासून मुकाच आहे. तुझा आवाज ऐकला असता तर एवढी घाबरले नसते. छे, ऐकूनही घाबरलेच असते. तू फोनवर नेहमी 'मी मजेत आहे ताई, तू कशी?' एवढंच म्हणतेस आणि मला मात्र रस्त्यावरून वाहणारी नदी दिसत राहते.

आई बरी आहे. तू पाठवलेली सुकी मासळी तिने एकटीने संपवली आणि आळ मांजरावर घेतला. मध्यंतरी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझी धाकटी आता डोक्यावर पाण्याची बादली घेत नाही म्हणे." बस, एवढंच. आपल्यात पोटातल्याचं नाव आधी काढत नाहीत, दुपटी शिवत नाहीत, बाजारातून टोपडंसुद्धा आणत नाहीत. मीही काही विचारलं नाही. "बरं झालं, मानेला आराम," असं म्हणाले आणि मागच्या दारी जाऊन रडले. आनंदाने रडले असं आईला वाटलं असेल. तसं नव्हतं गं.

मला गोदामात कामाची आखणी दिलीये हे तुला ठाऊक आहेच. कुठल्या दवाखान्याची मागणी आधी काढायची, कुठली मागून, हे आता मी ठरवते. पूर्वी जो चिठ्ठी आधी पाठवेल त्याचा माल आधी, असा कारभार होता. काढणारे मांडण्यांमधून गाडे ढकलत औषधं गोळा करायचे आणि पुढे ती ज्याच्या त्याच्या खणात वाटणारे हात चोळत उभे. मग एकदम सगळे गाडे येऊन थडकायचे की कुणाची गोळी कुणाच्या खणात पडतेय याचा पत्ता नाही. शेवटचा ट्रक सुटेपर्यंत अंधार. मला त्यावर उपाय सुचला तो आत्याच्या घरच्या मयताच्या स्वयंपाकावरून. आठवतं ना, आत्या सुनांना कशी फैलावर घ्यायची? "अगं, घेवडा आधी चढवा! निवडायला पळभर, शिजायला अर्धा दिवस. भोपळ्याची पानं सोलायला तुमची सकाळ जाईल, पण चुलीवर पडली की झालीच. ती शेवटी. माझी चूल रिकामी दिसली तर याद राखा!" तेच मी गोदामात केलं. जो माल काढायला सोपा पण वाटायला किचकट, तो आधी सोडायचा. जो काढायला जिकिरीचा पण वाटायला झटपट, तो अगदी मागे. वाटणाऱ्यांचे हात रिकामे राहत नाहीत आणि जे काम अंधारात संपायचं ते आता दुपारीच संपतं. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. वाटणाऱ्यांचा मुकादम ओव्हरटन, जो एरवी माझं नावही वाकडं घेतो, तो म्हणाला, "मॅडम, आता बायको मला उजेडात ओळखायला लागली." मी फुगले होते बाई, खोटं कशाला बोलू.

आखणी खरंच चांगली आहे. आजही तेच म्हणेन. पण आखणीत कुणीतरी शेवटचं असतंच, आणि ते शेवटचं कोण असणार हे मी आखताना पाहिलंच नव्हतं. तुझ्या दवाखान्याची मागणी म्हणजे मूठभर सामान, पण ते चार टोकांना ठेवलेलं. एक वस्तू कुलपाच्या पिंजऱ्यात, दुसरी वरच्या मांडणीत, आणि बाळंतिणीचं रक्त थांबवायचं इंजेक्शन पार मागच्या थंड खोलीत. काढायला सगळ्यात लांबण, वाटायला एक छोटी पेटी. म्हणजे दरीची पेटी रोज सगळ्यांच्या मागे. कोरड्या दिवसांत काही बिघडलं नाही, दुपारच्या ट्रकमध्ये ती बसायचीच. पण पाऊस सुरू झाल्यापासून तुमच्याकडचे ड्रायव्हर हमूंगाकाका घाटावरचे ढग बघून निघतात. नदीला पाणी चढायच्या आत पलीकडे जायचं असतं त्यांना. गेल्या खेपेला नेमकी वीज गेली, थंड खोलीचं दार उघडायला उशीर झाला आणि ते तुझी पेटी न घेताच गेले. ओव्हरटन म्हणाला, "एवढीशी तर पेटी मॅडम, पुढच्या खेपेला जाईल." त्याच्या आधीच्या खेपेलाही तेच झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे तुझ्या फ्रिजमध्ये आता ते इंजेक्शन नाही, आणि तू फोनवर मला एका शब्दाने बोलली नाहीस. नसती काळजी नको म्हणून ना? तुझा हा शहाणपणा मला एक दिवस मारणार आहे.

मागच्या वेळचं मी विसरू शकत नाही. तुझ्या सासरी, हाचिलेकाच्या आईच्या घरी तू अडली होतीस आणि त्या म्हाताऱ्या तुझ्याभोवती बसून विचारत होत्या, "नाव सांग त्या पुरुषाचं. सांगितल्याशिवाय मूल सुटायचं नाही." तू स्वतः नर्स. रक्त जात असताना दात आवळून तू त्यांना औषधाचं नाव सांगत होतीस आणि त्यांना परपुरुषाचं नाव हवं होतं, बाई अडते ती व्यभिचारामुळेच म्हणे. मी तालुक्याहून गाडी घेऊन पोचले तोवर बाळ राहिलं नव्हतं. तू राहिलीस. तुझे पाय माझ्या मांडीवर होते, बर्फासारखे गार. आजही थंड खोलीत शिरले की मला तेच पाय आठवतात आणि मी दाराशीच थबकते. काढणाऱ्या मुली मागून हसतात, "मॅडमना थंडी फार."

आणि आता त्या सगळ्या दरीत तू एकटीच नर्स. टॉवर बंद पडायच्या आधी मी आडून आडून म्हटलं होतं की आईकडे ये थोडे दिवस. तू माझ्यावरच उखडलीस. "इथल्या बायकांना काय सांगू ताई? पाय मिटून बसा, मी माहेरी जाऊन येते?" मला हसू आलं आणि फोन ठेवल्यावर धडकी भरली. साऱ्या गावांच्या बाळंतिणींना तू सोडवतेस. तुला कोण सोडवणार? हाचिलेका तळ्यावर मासेमारीला. दवाखान्यात झाडू मारणारी ती बाई रक्त बघून चक्कर येऊन पडते, हे तूच सांगितलं होतंस.

आज सकाळी हमूंगाकाका आत येऊन म्हणाले, "पोरी, ही माझी शेवटची फेरी. नदी रस्ता गिळायला लागली आहे. आता पावसाळा सरल्यावरच." मी माझ्याच हाताने आखणी मोडली आणि दरीची मागणी सगळ्यात आधी सोडली. जिल्ह्याच्या हॉस्पिटलचा ढीग तसाच पडलाय, वाटणारे खणांपाशी बसून शेंगा सोलतायत. "नियम तुमचाच, मोडता पण तुम्हीच?" असं ओव्हरटन ओरडला. "हो, माझाच आहे," मी म्हणाले आणि थंड खोलीत स्वतः शिरले. आज दाराशी थबकले नाही. हॉस्पिटलचा माल अंधारात सुटेल, साहेब विचारतील, त्यांना काय ते सांगेन.

पेटी ट्रकमध्ये चढली आहे. पण मी हे पत्र पेटीत घातलेलं नाही, कारण नुसत्या इंजेक्शनने तुझं काय होणार, ते टोचायला हात नको? हे पत्र तुझ्या हातात देणाऱ्या बाई म्हणजे हान्सुंगुले सिस्टर. ज्यांच्या धाकाने शिकताना तू टोपी सरळ घालायचीस, त्याच. निवृत्त होऊन कोंबड्या पाळत होत्या. ट्रक भरेपर्यंत मी धावत जाऊन त्यांच्या अंगणात गुडघे टेकले, तर म्हणाल्या, "ऊठ, नाटकं नकोत. कोंबड्या तू सांभाळ, बायका मी सांभाळते." रस्ता उघडेपर्यंत त्या तिथेच राहणार आहेत. तेव्हा आता तुझ्याकडे सबब उरलेली नाही. आपल्या रीतीने जे बोलू नये ते मी बोलते, देव मला क्षमा करो: तुझ्या पोटात मूल आहे, लुयांडो, आणि मला तुम्ही दोघंही हवे आहात. नदी चढते आहे, हमूंगाकाका इंजिन बंद करणार नाहीत, आणि परतीला सिस्टरची सीट रिकामी आहे. दवाखान्याच्या किल्ल्या सिस्टरच्या हातात दे. वाचत बसू नकोस. ऊठ.

तुझीच, घाबरलेली,
मिझिंगा