दवाखान्याआधीचा समुद्र

९ फेब्रुवारी, सोमवार. नागपूर
विशाखापट्टणमची तिकिटं काढली. स्लीपरची. डॉक्टर म्हणाले, भरती १७ला, तोवर जाऊन या, पण तारीख चुकवू नका. यांच्या डाव्या गालातली गाठ जबड्याकडे सरकते आहे. वाटलं होतं, नको म्हणतील. म्हणाले असते तर माझं सोपं झालं असतं.
यांचं एकच: "आधी समुद्रावरची मासळी खाऊ द्या. मग काय कापाचं ते कापा." तोंड दोन बोटंही उघडत नाही.
सासूबाईंचा उमरेडहून फोन. "पोराले दवाखान्यात न्याचं सोडून समुद्र दाखवून राहिली काय वं?"
म्हटलं, त्यांचीच इच्छा आहे.
"त्याची इच्छा त खर्र्याचीबी होती. तंबाखू-सुपारी चघळून काय झालं ते पाह्यलं ना?"

११ फेब्रुवारी, बुधवार. विशाखापट्टणम
लॉज बसस्टँडजवळ. समुद्रापासून लांब, म्हणूनच परवडला. स्टेशनबाहेर ऑटोवाल्यांनी घेरलं, मी सिटी बस शोधली. यांना उभं राहावं लागलं. पुढे दवाखान्याचा खर्च आहे हे खरंच. पण आजारी माणसाला उभं करून पैसे वाचवणं ही काटकसर, की माझी नुसती सवय?
मेसवाल्याने हिंदीत समजावलं: बसून जेवण्यापेक्षा पार्सल न्या, एकात दोघांचा भात असतो. आमच्यात अर्धा उरला. हे दहीभात बोटाने पातळ करून, चमचा आडवा धरून आत सरकवतात. आंबाडीची चटणी बघून खूश झाले, घरचीच वस्तू. जिभेला लावली आणि डोळ्यांतून पाणी. सावजीचा तिखटजाळ रस्सा वाटीने पिणारा माणूस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
भिमिलीची बस. उजव्या खिडकीला बसा, असं एका बाईने खुणेने सांगितलं. जवळजवळ सगळी वाट समुद्र, आणि भाडं बसचंच. हे म्हणाले, "एवढं पानी! अन् आपल्या गल्लीत टँकरसाठी मारामारी." हसले. अर्धंच हसू येतं आता.
भिमिलीत रस्त्याकडेला साड्या. यांनी पदर चिमटीत धरून कापड पाहिलं आणि हिंदीत भाव सुरू केला. नागपूरच्या गांधीबागेत शेठच्या दुकानात गादीवर बसून आयुष्यभर हेच केलं, केवळ बोलण्यावर साड्या खपवल्या. ती बाई, "क्या? क्या बोला?" तीनदा. यांनी पदर ठेवून दिला.
म्हटलं, तिला हिंदी येत नसेल.
"हिंदी नाही वं. तिले मी समजून नाही राहिलो."
मी तेच हिंदीत विचारलं तेव्हा तिला लगेच समजलं. हे त्यांनी ऐकलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मासळी. किनाऱ्यावरच्या गाडीवर, तळलेली सुरमई. इथे वंजरम म्हणतात. यांनी कणभर तुकडा आत सरकवला, तसाच धरून ठेवला, मग रुमालात काढला. ताटली माझ्याकडे ढकलली.
"तू खा. मी पाहतो."
"तुम्ही समोर असताना नाही जाणार मला."
"काहून? मेलो काय मी? खा, अन् सांग कशी लागते ते."
खाल्ली. म्हटलं, चांगली आहे.
"चांगली म्हंजे? आपल्या तलावातल्या रोहूसारखी?"
"नाही. काटे नाहीत. घट्ट आहे. जराशी गोड."
"गिऱ्हाईकाले असं सांगितलं असतं त वारभर कापड खपलं नसतं."
दोघंही हसलो. मी सगळा तुकडा संपवला. मला फार आवडला. इथेच लिहिते, तिथे म्हणवलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी हे खोलीत नव्हते. चालत समुद्राकडे गेले, असं लॉजवाल्याने सांगितलं. मी गेले तर कठड्यावर बसले होते, तळहातांमध्ये खर्र्याची पन्नी. नागपूरहून आणलेली.
"घोटून राहिलो फक्त. खात नाही."
तोंडाचा वास घ्यावासा वाटला. घेतला नाही.
मग म्हणाले, "मी भरती नाही होत वं. बोलणंच गेलं त शेठ मले काय गठ्ठ्यासारखं कोपऱ्यात ठेवन?"
म्हटलं, डॉक्टर म्हणाले ना, बोलता येईल, पुन्हा शिकावं लागेल.
"अन् नाही आलं तर?"
"आणि ऑपरेशन नाही केलं तर?"
पन्नी पुन्हा तळहातांत घोटली. मग: "तू सांग. तू म्हणशील तसं करतो."
मी हो म्हटलं. करा. लगेच म्हटलं, श्वासही न घेता. त्यांच्यासाठी म्हटलं, की मागे मी एकटी उरेन म्हणून? गाल त्यांचा, जीभ त्यांची. नाही म्हणणं शक्य होतं का? ते नीट तपासायला हवं होतं आधी, निदान

१६ फेब्रुवारी, सोमवार. नागपूर
पोचलो. गाडीत चहात बुडवलेली बिस्किटं, बाकी काही नाही.
सासूबाई येऊन बसल्या आहेत. "कशी होती गा मासळी?"
"हिले विचार. हिच्याच तोंडानं खाल्ली मी."
सासूबाई हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत बसल्या, घासलेलीच.
उद्याचं मी विचारलं नाही. यांनीही काढलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ
पिशवी भरली. ऑटो बोलावला, आज बस नाही. दाढी-मिशी काढून या, असं दवाखान्यातून सांगितलं आहे.
हे आरशासमोर आहेत. साबण लावून झाला, रेझर हातात, पण फिरवत नाहीत. ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी हाक मारावी म्हणून सासूबाई माझ्याकडे बघताहेत. एकदा हो म्हटलंय मी. तेच पुन्हा म्हणणं म्हणजे ढकलणं होईल. न म्हणणं म्हणजे काय होईल?
इथे बसून लिहिते आहे, म्हणजे हाक मारलेली नाही.
साबण गालावर सुकत चाललाय.