दहा जणींची मापं

मुलींचं वसतिगृह, कोल्हापूर
दि. ७ जुलै २०२५

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

काल सुखरूप पोचले. एस.टी.त इचलकरंजीपासून उभीच होते. आल्याबरोबर न जेवता झोपले, रागावू नको. इथं फोन कुलपात असतो, म्हणून हे पत्र.

तुमच्या मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या दहाही जणींची कामावर उभ्या असतानाची मापं मिळाली. अण्णांना तूच समजावणार आहेस, म्हणून परत लिहिते. मला शिकायचंय त्याला ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग म्हणतात. माणसानं यंत्रापुढं वाकायचं नाही, यंत्र माणसाच्या अंगाला जुळवायचं. आमच्या कॉलेजातल्या प्रियदर्शनी मॅडम म्हणतात, तयारी अकरावीपासूनच हवी. गणिताबरोबर जीवशास्त्रही ठेवायला हवं. दिवाळीत एक शिबिर आहे, त्याला कॉलेजातून एकच नाव जाणार, तेही या मापांच्या प्रकल्पावर. माझं गेलं नाही तर जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटर घेईन, असा शब्द मी अण्णांना देऊन बसलेय.

अभ्यासानं डोकं जड झालंय. माया पातळ करू नको.

तुझी,
क्रांती

कबनूर
दि. ११ जुलै २०२५

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. उपाशी झोपू नकोस. इंजिनिअर व्हायच्या आधी माणूस ऱ्हायला पाहिजे. आमच्यातली झुंबरबाई रोज विचारते, पोरगी शिंप्यागत मापं घेऊन गेली, झंपर कवा मिळायचं?

अण्णांपुढं विषय काढला. ते म्हणाले, माणूस बघून यंत्र कोण करतंय, मालक दर बघतो की. पाळीवरून दमून आलते, मी वाद घातला नाही. मीही दमलेली असते हल्ली. तू मात्र नेटानं कर.

इथं सगळं ठीक. तब्येतीला जप, हेच मागणं.

तुझी,
आई

कोल्हापूर
दि. १४ जुलै २०२५

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

मॅडमनी वही तपासली. दहाही जणींची पाठ ताठ, मान सरळ. त्या म्हणाल्या, एवढं बेतशीर मशीन असेल तर तू त्यात सुधारणार काय? त्यांचं चुकलं नाही. मी दोनदा मोजलं होतं, आकडे तेच होते.

पुढच्या सोमवारी नाव पाठवायचंय. मला आता कंटाळा आलाय गं आई. कदाचित तुमचं मशीन चांगलंच असेल, मीच उगाच काहीतरी धरून बसले. अण्णांना सांग, कॉम्प्युटर घेते.

तू तरी हसू नको.

तुझी,
क्रांती

कबनूर
दि. १८ जुलै २०२५

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद व जय भीम.

चूक तुझी न्हाय, आमची हाय. तू येणार म्हणून सगळ्या जणी ठेवणीतली लुगडी नेसून आलतो. झुंबरबाई म्हणाली, पोरीची परीक्षा हाय, नीट हुबं ऱ्हावा. आम्हाला वाटलं, ताठ उभं राहिलं की तुला मार्क जास्त. आणि दारात शेठ उभे होते. जिची कंबर गेली तिचं मशीन दुसरीला देतात. त्यांच्यासमोर कोण वाकून दाखवेल? कमरेतली कळ दाबून उभी होते, तुला दिसू दिलं नाही. लेकीपासून लपवायला नको होतं.

काल कामावर जायच्या आधी घरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि अण्णांना डोक्यावर खडूनं खूण करायला सांगितली. पाळी सुटल्यावर तिथंच उभी राहिले, जमेल तेवढी ताठ. दुसरी खूण चार बोटं खाली आली. अण्णांनी तीनदा मोजलं. मग उंबऱ्यावर बसून राहिले, भाकरीला हाक मारली तरी उठले नाहीत. पोस्टानं सोमवारच्या आत पोचणार नाही, म्हणून उद्या रजा टाकून पत्र तेच आणताहेत. कॉम्प्युटरच्या शब्दातून त्यांनी तुला सोडवलंय, पण ते तोंडानं सांगायचे नाहीत, म्हणून मी लिहिते.

तू शिकून बाहेर पडायला सहा वर्षं लागतील. तोवर माझी कंबर थांबत नसते, एवढं मला कळतंय. तरी जीवशास्त्र सोडू नको. बाकीच्या म्हणाल्या, आमची नावं घालू नको, शेठ वाचतील. त्यांची घालू नको. माझं घाल, खाली लिहिलंय तसं.

माया आहेच, ती काय लिहायची.

आक्काताई बाबासो कांबळे
वय ४१, काम कांड्या भरणे, वर्षे १९
सकाळी ताठ, संध्याकाळी चार बोटं कमी