मापाचं रक्त

४ मार्च

पोरी, आधी माफी मागतो. इथे येऊन आठवडा होत आला आणि वही आज उघडतोय. तू बजावलं होतंस, बाबा, रोज चार ओळी लिहा, मन मोकळं होतं. पण आधी पाय दुखत होते, मग खोलीचा नळ गळत होता, मग चष्माच सापडेना. माझं तुला ठाऊक आहे. कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारा माणूस मी.

नोकरी मात्र झकास आहे. मनाच्या दवाखान्यात वॉर्डातून रक्ताच्या नळ्या घ्यायच्या आणि प्रयोगशाळेत द्यायच्या, बस्स. चहा फुकट. इथे फार उदास झालेली माणसं येतात. त्यातलं कोण जिवाचं बरंवाईट करून घेईल, ते नवीन यंत्र म्हणे रक्तावरून सांगतं. प्रयोगशाळेतल्या मुलाला सगळे चष्मिस म्हणतात. तो म्हणाला, काका, माणूस खोटं बोलतो, रक्त खोटं बोलत नाही.

६ मार्च

आज मला मान मिळाला! यंत्राला रोज सकाळी एका धडधाकट माणसाचं रक्त दाखवावं लागतं, तेव्हा त्याला कळतं की ठीक म्हणजे काय. पेशंटचं रक्त त्याच्याशी जुळलं तर पेशंट घरी, नाही जुळलं तर पहाऱ्याच्या वॉर्डात. आणि इथली रीत अशी की हे मापाचं रक्त सगळ्यात नव्या नोकराने द्यायचं. इतके दिवस माळी देत होता. माझी नळी भरली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या, सुटलो म्हणाला. मोठी सिस्टर मला मापकाका म्हणायला लागली आहे.

मी तिला विचारलं, म्हाताऱ्याचं चालेल ना? तुझी आई गेल्यापासून झोप नाही, घास घशाखाली उतरत नाही. ती म्हणाली, या वयात कुणाला झोप लागते, काका?

११ मार्च

पहाऱ्याचा वॉर्ड एकदम भरून गेला. एक जाडा गृहस्थ आत पत्ते खेळतो, खिदळतो, आणि मला घरी सोडा म्हणून दार बडवतो. त्याचं रक्त जुळत नाही.

मास्तरांचं जुळलं. हे गृहस्थ आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले. चष्मिस म्हणाला, हे तर मापकाकांचे जुळे भाऊ. घरी जाताना मास्तर पहिल्यांदाच हसले. आपलं पेन माझ्या खिशाला लावलं, छत्री सिस्टरला दिली. मला बरं वाटलं. माझ्यामुळे सुटले.

१४ मार्च

मास्तर गेले. घरी पोचल्यावर, आपल्या हातांनीच. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र आहे, एखाद्याचं चुकायचंच. पेन मी कपाटात ठेवलं. खिशाला लावावंसं वाटेना.

१९ मार्च

वॉर्डातली शिवणकाम करणारी एक बाईसुद्धा तशीच गेली. तिचंही माझ्याशी जुळलं होतं. जाताना शाल, डबा, कंगवा, सगळं वाटून मोकळी झाली होती. हसत होती, पोरी. मास्तरांसारखीच.

२० मार्च

डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायचा बाकी राहिलो. म्हटलं, दोघांचं रक्त माझ्यासारखं होतं. माप चुकीचं घेतलंत. माळ्याचं घ्या परत. आणि मला काय झालंय ते बघा.

त्यांनी माझी समजूत काढली. चष्मिसला सांगून माझं रक्त यंत्रात घातलं. फरक शून्य. असं ठीक रक्त आजवर बघितलं नाही, म्हणाला, आणि माझी पाठ थोपटली.

अरे, पण ते माझ्याच रक्ताशी ताडून बघितलंत! मी ओरडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, काका, तुमचं ठीक आहे म्हणून तर ते माप आहे.

२२ मार्च

रेडिओ सापडेना. सगळी खोली उपसली. सिस्टरला विचारलं तर ती हसली, म्हणाली, विसरलात? काल तुम्हीच तर मला दिलात. किती खुशीत होतात.

मला आठवत नाही.

२३ मार्च

घड्याळ माळ्याच्या मनगटावर आहे. त्याला म्हटलं, परत दे. तो म्हणाला, काका, चेष्टा करता काय, तुम्हीच तर हातात बांधलंत.

मला मरायचं नाही. हे नीट वाच. तुझ्या छकुलीला मला सायकल शिकवायची आहे. मी उदास नाही, घाबरलोय — हे हात माझ्याआधी काहीतरी ठरवून बसलेत —

चष्मिसला म्हटलं, मला पहाऱ्याच्या वॉर्डात टाका, आतून कडी नाही तिथे. म्हणाला, तुम्हाला कसं टाकणार? तुमचं रक्त जुळतंय.

२४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सुट्टी दिली. दगदग झाली म्हणाल्या, घरी जाऊन आराम करा. घरी. मास्तरांनाही असंच —

खोलीत आलो. कपड्यांच्या घड्या घातलेल्या. भांडी पालथी, पुसून. मी नाही — सकाळपासून मी दवाखान्यातच —

तुझा फोन बंद येतोय. ही पानं सिस्टर पोस्टात टाकील, ती दारात थांबली आहे. तिला म्हटलं, जाऊ नकोस, बस थोडा वेळ. ती म्हणते, किती छान हसताय आज, काका.

मी हसत नाहीये. पोरी, मी हसत —

लवकर निरोप धाड. जावयांना पाठव, कुणालाही पाठव, मला एकट्याला खोलीत — निरोप वेळेत आला तर मी —