सरकत्या दारांच्या टीव्हीचा वारस

मी लक्ष्मीदेवी, कै. सुब्बराव रंगारी यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार मंडी मोहल्ला, म्हैसूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्याच मनाने लिहिते. कोणी लिही म्हणून मागे लागलेले नाही. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, मीही लिहीत नाही. शाळा कन्नड चौथीपर्यंत. मराठी आमची घरची बोली, पण अक्षरे सासऱ्यांच्या रंगकामाच्या वहीवरून गिरवली, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा सुदीप, राहणार येलवाल, व मुलगी चैत्रा, राहणार एच. डी. कोटे, यांना निम्मे-निम्मे. यावरून भांडण व्हायचे नाही. तो म्हणतो तिला दे, ती म्हणते त्याला दे.

२. बँकेतल्या ठेवीतून माझे दिवस करावेत. होळिगे, म्हणजे पुरणपोळी, घरी करावी, विकतची आणाल तर मी परत येईन. उरेल ते दोघांत सारखे.

३. कापडावर छापायचे लाकडी ठसे चैत्राला. शिवणयंत्र सून चंदना हिला. ती माझ्यापेक्षा सरळ टीप घालते, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही. आता लिहून देते.

४. आता टीव्ही. लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा, सन १९८५चा. बारा वर्षे त्यात चित्र येत नाही. तरी यांच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, या दोघांचे जुंपले.

"टीव्ही माझा. मी पहिला आलो म्हणून अप्पांनी आणला."

"अय्यो, मोठा आला पहिला! मला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून आणला."

तेव्हापासून दोन वर्षे बहीण-भावाचे बोलणे बंद. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, ती तिसऱ्या. सांडगे मला दोनदा तळावे लागतात. घर सोडायला तयार आणि बंद टीव्हीसाठी अबोला! असली शहाणी पोरे मीच जन्माला घातली, म्हणून बोलायची सोय नाही.

तर खरे काय ते लिहिते. सुदीप तेव्हा सहा वर्षांचा, चैत्रा चार. सांगणारी आता मी एकटीच उरले.

गल्लीत टीव्ही प्रथम समोरच्या सुनंदाबाईंकडे आला. रविवारी सकाळी हिंदीत बाहुल्यांचा खेळ लागे. एक गाढव आणि एक कावळा. तुम्ही दोघे आपला रंगाचा डबा त्यांच्या खिडकीखाली पालथा घालून त्यावर चढत असा. चैत्रा गज धरी, सुदीप चैत्राला धरी. एका रविवारी डबा रिकामा नव्हता. सुनंदाबाईंची रांगोळी, पायरी, सगळे निळे!

"लक्ष्मी, तुझी पोरं आवर गे! पायरी बघ काय केली!" म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

निळ्या पायांनी घरी आलात. सुदीप म्हणाला, "अप्पा, गाढव विहिरीत पडलं आणि खिडकी लावली. वर आलं का नाही?" चैत्रा नुसती रडत होती. यांनी दोघांना उचलले. न्हाणीत बसवून चारही पाय चोळून धुतले. दसऱ्याला टीव्ही घरात आला.

म्हणजे पहिल्या नंबरासाठी नाही आणि कांजिण्यांसाठीही नाही. सुदीप, तुझा नंबर दुसरा होता. चैत्रा, कांजिण्या तुला पुढच्या वर्षी आल्या.

५. गाढवाच्या सर्व गोष्टी सुदीपची मुलगी अनुषा हिला. ती फोनवर शोधून दमली. "अज्जी, तुझी गोष्ट कुठंच मिळत नाही!" मिळेल कशी? हिंदी मला येत नव्हती, या दोघांनाही नाही. "काय म्हणतंय गे गाढव?" असे विचारले की मी तोंडाला येईल ते सांगे. गाढव रडले की चटणी तिखट झाली म्हणे. सुदीप ते अजून खरे समजतो. या गोष्टी माझी एकमेव स्वकष्टार्जित मिळकत आहे. अनुषाने त्या मराठीतच सांगाव्यात, मोडक्या असल्या तरी चालतील.

६. दोघांपैकी जो दुसऱ्याला आधी फोन करील, टीव्ही त्याचा. मी असेपर्यंत कोणीच केला नाही, तर टीव्ही सुनंदाबाईंच्या मांजरीला, बाळंतपणासाठी. त्यांना विचारले आहे. "बरं होईल गे, दारं पण आहेत," म्हणाल्या.

वकील दिगंबरराव म्हणतात, "लक्ष्मक्का, मृत्युपत्र मेल्यावर उघडायचं असतं. आधी नकला वाटत नाहीत." मी म्हटले, "मेल्यावर या दोघांचा फोन वाजला का नाही, मला कोण येऊन सांगणार?" म्हणून याच्या दोन नकला आजच टपालात टाकत आहे, एक येलवालला, एक कोट्याला. मंगळवारपर्यंत पोचतील. मंगळवारी मी देवळालासुद्धा जाणार नाही, घरीच आहे.

लिहून देणार: लक्ष्मीदेवी (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही केली. सही करताना हसत होत्या.
साक्षीदार १: दिगंबरराव, वकील (सही)
साक्षीदार २: सुप्रीता, डॉक्टर (सही)

म्हैसूर, शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६