आरमोरीतली गॅलरी

आरमोरी, ११ डिसेंबर १९८६

आदरणीय देवरावभाऊ यांस,

बापूरावचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवावं (तीन मजले चढून तो दुखतो, हे वहिनींचं म्हणणं मला पटतं). तुमच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे आमच्या रुखमाची, तब्येत ठणठणीत आहे. आवाजही ठणठणीत आहे, फक्त माझ्यासाठी दोन दिवसांपासून बंद आहे.

भाऊ, याला कारण तुमची नागपूरची गॅलरी. उन्हाळ्यात तुमच्याकडे आलो तेव्हा हातात कप घेऊन मी तिथे उभा राहायचो, खालून माणसं जायची, आणि आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. आरमोरीत चहा ओसरीवर बसून प्यावा लागतो, आणि जाणारा येणारा त्यातला अर्धा कप आपल्याकडेच मागतो. म्हणून धान घरात येताच मी लच्छू मिस्त्रीला बोलावलं. रुखमाचं म्हणणं होतं की अंगण नीट करा, वालाच्या वेलाला मांडव घाला. रस्ता खालूनही दिसतोच. मी ऐकलं नाही. लच्छूने जन्मात गॅलरी पाहिली नव्हती, म्हणून त्याला बिडीच्या कागदावर चित्र काढून दिलं. आठ दिवसांत त्याने रस्त्याकडच्या भिंतीतून माळ्याच्या उंचीवर सागाच्या बल्ल्या, म्हणजे वासे, बाहेर काढले, वर फळ्या ठोकल्या, कठडा लावला. काम मजबूत. फक्त घरातून गॅलरीत जायला दरवाजा नाही. मी विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या चित्रात दरवाजा कुठी होता जी?"

मग बाहेरून बांबूची शिडी लावली. पहिल्या दिवशी निळी लुंगी आणि बनियन घालून (तुम्ही घालता तसंच) चहा घेऊन वर गेलो. तुमच्या नागपुरात वर कोणी बघत नाही. इथे प्रत्येकजण थांबून विचारतो, छपराचे कवेलू फुटले काय, माकड शिरलं काय. शेजारची मंगलीबाई तर मला उतरवायला दोर घेऊन आली. बाजाराच्या दिवशी वांगीवाल्यांनी सावलीला खाली दुकानं मांडली आणि वरून मला भाव ओरडायला सांगितलं. मी ओरडलो (दोन वेळाच). ते पाहून रुखमाने बोलणं बंद केलं.

वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बापूराव

ता.क. खरी गोष्ट लिहायची राहिली. वालाच्या शेंगा तोडायला रुखमाने सकाळी शिडी नेली, ती परत लावली नाही. हे पत्र मी वरूनच लिहितो आहे. तुमचं ती ऐकते. 'शिडी लाव' एवढीच तार करा. सुकलू पोस्टमन हात वर करून पत्र नेणार आहे.

ता.ता.क. तार करू नका. सुकलू यायच्या आतच रुखमा शिडी लावून चहा घेऊन वर आली. आता तासाभरापासून कठड्याला टेकून कोण कुठे चाललं ते मला सांगते आहे. म्हणते, "भावाकडे वरून मानसंच मानसं दिसते, पन वळखीचा एक नाई." खालची शिडी आत्ताच कोणीतरी नेली. ती इतकी खुशीत आहे, की मी अजून सांगितलेलं नाही.