देवाला नावानं हाक मारली, त्याबद्दल

सालवड, बोईसर
१४ मे १९८६

ती. मैनावन्संना सुगंधाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि शिवाजीरावांनी तंबाखू सोडली की तंबाखूबरोबर खोकलाही तसाच ठेवला, ते कळवावं. मी बरी आहे. (बरी म्हणजे जेवते, झोपते, बालवाडीतल्या चाळीस पोरांवर ओरडते. यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण कारखान्याचा भोंगा झाला की अजून दाराची कडी काढते. मग दार उघडलंच आहे तर म्हणून केर काढते. त्यामुळे घर स्वच्छ असतं.)

एकटीनं परमुलखात राहू नकोस, जूनमध्ये शिवाजीराव टेंपो घेऊन येतील, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं बरोबर आहे. सामान बांधायला घेतलंय. पण भांडी बांधताना पुस्तक हाती लागतं, पुस्तक वाचताना भांडी आठवतात, असं चाललंय. एका जागी बसणं मला जमेनासं झालंय.

ते टपालाने चालणारं शिक्षण तुम्हाला पसंत नाही, हे मला माहीत आहे. कारखान्याच्या नाटकात हे दरवर्षी हवालदार व्हायचे आणि मी विंगेतून त्यांचं एकुलतं एक वाक्य सांगायचे, एवढीच माझी रंगभूमी. हे गेल्यावर मुंबईच्या एका संस्थेकडून जगातल्या नाटकांचा इतिहास मागवला. ग्रीक लोक डोंगरउतारावर बसून मुखवट्यांची नाटकं बघत. इंग्लंडात बायकांची कामं मुलगे करत (आपल्याकडे वेगळं काय होतं). जपानी नट मुखवट्याला आधी नमस्कार करतो आणि तो चढवला की स्वतः उरत नाही. मुखवट्यांवरच्या शेवटच्या निबंधात मी हे दोनदा लिहिलं. मास्तरांनी लाल शाईत शेरा मारून निबंध परत धाडला : "हे वाचलेलं आहे. पाहिलेलं लिहा."

आता मी कुठं ग्रीसला जाणार? पण बालवाडीत खिचडी शिजवणारी नवसी म्हणाली, "बाय, आमच्या पाड्यावर बोहाडा हाय. चल की." बोहाडा म्हणजे देवांची सोंगं. एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या एकेक देवाचा मुखवटा असतो, तो बांधून घरातला पुरुष संबळाच्या तालावर नाचत येतो. नवसीच्या घराकडे गणपती, आणि तिचा भाऊ बुधा तो नाचवतो. हा बुधा मला चांगला ओळखीचा. आमचं छप्पर त्यानंच शाकारलंय.

सकाळी ऊन वर आल्यावर गणपती निघाला. मी वही-पेन्सिल घेऊन अगदी पुढं. सोंडेचं चित्र काढायचं तर तो सारखा हलणार (नाचणारा देव हलणारच, हे मला तेव्हा सुचलं नाही). मी बालवाडीच्या सवयीनं ओरडले, "बुधा, जरा इकडं तोंड कर बघू."

संबळ थांबला. देव एक पाय उचललेला तसाच उभा. माणसं माझ्याकडे बघायला लागली. नवसीनं कपाळावर हात मारला, "अगं, मुखवटा बांधल्यावर बुधा कुठला? देवाला थांबवलंस तू." वन्सं, जपान पाठ असलेली बाई मी.

मग म्हातारे बसले. ठरलं असं, की ज्यानं देव थांबवला त्यानंच ओवाळून पुढं चालवायचा, आणि तेही ओळीनं तीन वर्षं. तोवर देव बिचारा दुसऱ्या पायावर. माझ्या हातात ताट आलं. मी मागं सरले, म्हणाले मला चालत नाही, मी विधवा आहे. सगळ्यांत म्हातारी रत्नाबाई विड्याचं पान चघळत म्हणाली, "मरला तो तुजा नवरा. देव कुठं मरला हाय? ओवाळ लवकर, त्याचा पाय दुखतंय."

मी ओवाळलं. तीन वर्षांत कुणी माझ्या हाती आरतीचं ताट दिलं नव्हतं. वात विझेल म्हणून मी डोळे पुसले नाहीत, तर शेजारची म्हणते, धूर लई झालाय का? संबळ वाजला, देवानं पाय टेकला आणि गेला. चित्र राहिलं ते राहिलंच.

असो. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणं मला जमत नाही. तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
सुगंधा

ता. क. टेंपो पाठवू नये. दोन वर्षं अजून राहिलीत, आणि मी नसले तर गणपती पाड्यावर एका पायावर उभा राहील. वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणजे रत्नाबाईंचाही. त्या तुमच्याहून वीस वर्षांनी मोठ्या आहेत. बांधलेली भांडी सोडली.

आणखी ता. क. निबंध धाडला. मास्तर काय म्हणतील ते म्हणोत.

शेवटचं. रत्नाबाई निघताना म्हणाल्या, "पुढल्या साली असलं फिकं नेसून नको येऊ, देवाला झोप येतं." माझं लग्नातलं हिरवं लुगडं तुमच्या ट्रंकेत आहे. यांचा तेरावा झाला त्या दिवशी तुम्ही ते घडी घालून नेलंत. तेव्हा मी मागितलं नव्हतं. आता मागते. रजिस्टर टपालाने पाठवावं.